गुलाबाच्या काड्या लावायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं

काडीच्या टोकाला लावायची कोरफड, दालचिनी नंतर बघू, आधी काडी कुठून आणणार ते ठरवा, कारण निम्मं काम तिथंच होतं किंवा बिघडतं. गावठी गुलाब, म्हणजे तो गुलाबी, घमघमणारा, ज्याच्या पाकळ्यांचा गुलकंद घालतात, तो काडीवरनं छान लागतो आणि पहिल्यांदा करणाऱ्यांनी तोच घ्यावा. पिवळे, केशरी, दुरंगी असे मोठ्या फुलांचे हायब्रीड बहुतेक करून डोळा भरून (डोळा म्हणजे फांदीवरची कोंब फुटायची जागा) तयार केलेले असतात, खाली जंगली गुलाबाचं खोड आणि वर हवी ती जात, त्यामुळे त्यांची काडी लागली तरी स्वतःच्या मुळांवर बऱ्याचदा मरतुकडीच राहते. आणि नर्सरीतल्या झाडाची काडी घेणार असाल तर बुंध्याशी जोडाची गाठ शोधा, गाठीच्या खालून फुटलेला फुटवा घेतलात तर जंगली गुलाब वाढवत बसाल. बुकेतल्या दांड्यांच्या नादी लागू नका, व्हिडिओत लागतात तेवढ्याच.

वेळ म्हणाल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला छाटणी होते तेव्हाच्या काड्या बेस्ट, कारण फेकायच्या फांद्या फुकटात मिळतात आणि पुढे थंडी असते. पावसाळ्यातही गावठी लागतो, फक्त बुरशी सांभाळावी लागते. मार्च ते मे मात्र देशावरच्या उन्हात हा उद्योग करू नये.

काडी पेन्सिलीएवढी जाड, फूल नुकतंच गळून गेलेल्या फांदीची. ओळखायची खूण म्हणजे काटा. अंगठ्याने बाजूला रेटला की जो काटा कट्ट आवाज करून स्वच्छ निघतो आणि खाली ओलसर हिरवा ठिपका दिसतो ती फांदी तयार, काटा नुसता वाकला किंवा साल घेऊन सोलत आला तर अजून कोवळी आहे. आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या, सकाळी लवकर कापा आणि लगेच पाण्याच्या बादलीत टाका. लांबी 6 ते 8 इंच, तीन-चार डोळे असावेत, खालचा काप डोळ्याच्या अगदी खाली तिरका आणि वरचा सरळ, म्हणजे कोणतं टोक कुठलं हा घोळ होत नाही, उलटी खोचलेली काडी लागत नाही. वरची दोन पानं ठेवा (मोठी असतील तर अर्धी कापून), बाकीची काढा. सगळी पानं ओरबाडायची नाहीत कारण मुळं फोडणारं ऑक्झिन हे संप्रेरक डोळ्यांत आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि तिथून खाली उतरतं.

कटर धारदार पाहिजे, स्पिरीट किंवा डेटॉलने पुसलेला. घरातली कात्री काडी चेचते आणि चेचलेली जागा आधी कुजते.

आता स्वयंपाकघर. कोरफडीचं एक जाड पान, थोडी हळद किंवा दालचिनीची पूड, मध असेल तर चमचाभर, एवढं बास झालं. पण यातलं कुणी जादू करत नाही हे डोक्यात ठेवा. दालचिनी आणि हळद बुरशीला आवर घालतात, मध जंतूंना, आणि कोरफडीचा गर कापलेलं टोक ओलं ठेवतो. म्हणजे ही सगळी मंडळी राखणदार आहेत, मुळं काडी स्वतःच काढते. पान कापल्यावर आधी पिवळा कडवट चीक निथळू द्यायचा, मग गर काढून त्यात टोक बुडवायचं, वरनं दालचिनी भुरभुरायची, जाड थर नको. दालचिनी अख्खी आणून घरीच दळा, गरम मसाल्यातली चालणार नाही, हे सांगायला नको पण सांगते. नारळपाण्यात पेशी वाढवणारी द्रव्यं असतात हे खरं, टिश्यू कल्चरवाले (प्रयोगशाळेत पेशींपासून रोपं करणारे) वापरतातही, पण त्यातली साखर कुंडीत गेली की बुरशी आणि मुंग्या दोन्ही हजर, म्हणून मी ते यादीतून काढलंय. बटाट्यात काडी खोचायचा प्रकारही तसाच, बटाटा सडतो आणि काडीला घेऊन जातो. नदीकाठी वाळुंजाचं झाड असेल तर मात्र त्याच्या कोवळ्या फांद्यांचे तुकडे रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी वापरून बघा, वाळुंज हा विलोच आहे आणि काड्यांना मुळं फुटावीत म्हणून विलोच्या पाण्याचा उपाय जुना आहे.

माती नकोच. निदान काळी तर अजिबात नको, पाणी धरून ठेवते आणि सुकली की भेगा पडतात. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं, कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीन पाण्यांनी पिळून घ्या कारण त्यात खारेपणा असू शकतो. शेणखत, गांडूळखत, निंबोळी पेंड यातलं काहीही आत्ता घालायचं नाही, मुळंच नाहीत तर जेवण कुणाला? भांडं म्हणून डिस्पोजेबल पारदर्शक ग्लास घ्या, तापलेल्या सुईने खाली भोकं पाडून, म्हणजे मुळं बाहेरनं दिसतात आणि उपटून बघायची खाज सुटत नाही. वाळूत भोक आधी पेन्सिलीने पाडा मग काडी ठेवा, नाहीतर लावलेला गर वरच पुसला जातो. निदान दोन डोळे आत गेले पाहिजेत.

झाकायला पाण्याच्या बाटल्या, बूड कापून. झाकण रोज थोडा वेळ उघडायचं. जागा उजेडाची पण थेट उन्हाची नाही, पूर्वेची गॅलरी असेल तर ग्रीननेट लावा. पाणी स्प्रेने, वाळू ओलसर राहील इतपतच.

आठ-दहा दिवसांत कोंब फुटला की सगळे फोटो टाकतात, तो कोंब काडीतल्या साठ्यावर फुटलेला असतो, मुळांचा त्याच्याशी संबंध नसू शकतो. मुळं यायला साधारण चार ते सहा आठवडे धरा. ग्लासच्या कडेला पांढरी मुळं दिसली की बाटली आठवडाभरात हळूहळू काढायची, आणि मगच लाल माती, वाळू आणि जुनं शेणखत भरलेली 6 इंची कुंडी लागेल, ती आत्तापासून आणून अडगळ करू नका. पहिली कळी आली तर खुडून टाका.