पंचगंगेत कयाकनं लांब पल्ल्याचा सराव करताय? या चुका टाळा

दर दिवाळीनंतर चार-दोन पोरं विचारायला येतात, "दादा, कुठली कयाक घेऊ?" कयाक म्हणजे वल्ह्यानं चालवायची अरुंद बोट. मी म्हणतो, आधी बंधारा ओलांडायला शीक, मग बघू. तोंडं पडतात.

यांनी पाहिलेले असतात कॅनडातल्या युकॉन नदीवरच्या शर्यतीचे व्हिडिओ. व्हाइटहॉर्स ते डॉसन, ७१५ किलोमीटर सलग वाहती नदी. आपली पंचगंगा तशी नाही. प्रयाग चिखलीपासून नरसोबावाडीपर्यंत बंधाऱ्यांमागून बंधारे. त्या पद्धतीला नावच मुळी कोल्हापूरचं आहे. आपलं गणित इंग्लंडातल्या डिव्हाइझेस–वेस्टमिन्स्टर शर्यतीशी जुळतं: १२५ मैल, आणि त्यात ७७ ठिकाणी बोट उचलून न्यायची. तिथं नुसता दंडात जोर असून भागत नाही.

बोटीतून न उतरण्याचा आळस, ही सगळ्यात वाईट चूक. भाचा एकदा सोबत होता. बंधाऱ्याच्या काही गाळ्यांतले बर्गे, म्हणजे खांबांमधली जागा बंद करायच्या फळ्या, काढलेले. "मामा, निघतंय की त्या गाळ्यातनं, उचलायची कशाला?" मी काठाकडं वळेपर्यंत हा निघालासुद्धा. ओढीनं बोट आडवी फिरली आणि दोन खांबांना टेकून अडकली. वरून पाण्याचा दाब. आधी कच्चकन आवाज आला, मग बोट मधोमध दुमडली. पोरगं खांबाला बिलगलं म्हणून वाचलं. दोर टाकून ओढून घेतलं तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. आणि बर्गे घातलेले असले, वरून पाणी सांडत असलं, तर आणखी धोका: वरच्या अंगानं कड दिसतच नाही, आणि खाली पडलेलं पाणी उलटं फिरून माणसाला भिंतीकडंच खेचतं. मी शंभर पावलं आधीच काठ धरतो. भरल्या सामानासकट बोट उचलायचा सराव घरामागच्या चढावर करतो. शेजारी हसतात, हसू देत.

दुसरी खोड तालमीतल्या गड्यांची: हातानं ओढणं. पहिला तास भारी जातो, तिसऱ्या तासाला मनगट सुजतं. वल्हं पाण्यात रुतलं की त्याच बाजूच्या पायानं रेटायचं आणि कंबरेतून वळायचं. माझी खूण सोपी आहे: घरी आल्यावर दंडाआधी पोटऱ्या आणि बरगड्या दुखल्या पाहिजेत.

भूक लागल्यावर खायला काढणं म्हणजे उशीर झालाच. दर अर्ध्या तासाला गुळाचा खडा आणि दोन घोट पाणी. घरचं पाणी, नदीचं नव्हे. भडंग नेऊ नका, कोरड्या घशाला ठसका लागतो.

नवं वल्हं, नवी चप्पल, नवं जॅकेट लांबच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

जलपर्णीत शिरून वाट काढू नका, वळसा घ्या.

पावसाळ्यात तर बोट बाहेर काढूच नका. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे खरं. पण त्याच्या कितीतरी आधीच नदी आपली राहिलेली नसते. तेव्हा मी रंकाळा तलावाभोवती पळतो.