ॲसिडिटीच्या गोळ्या आणि त्यानंतरचे पोट : या चुका टाळा

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, इसोमेप्राझोल या गोळ्या 'प्रोटॉन पंप इनहिबिटर', म्हणजे जठराच्या पेशींतील आम्ल सोडणारे 'पंप' बंद करणारी औषधे, या गटात मोडतात आणि जठरातील आम्ल कमी करण्याच्या कामात त्यांना तोड नाही. १९८८ साली ओमेप्राझोल बाजारात आले आणि अल्सरच्या उपचाराचे स्वरूपच बदलले. रक्तस्राव होणाऱ्या अल्सरच्या रुग्णाला ही औषधे आजही वाचवतात, हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे. फार्मासिस्ट म्हणून काउंटरमागे उभे राहून माझी जी तक्रार आहे, ती ही औषधे घेण्याच्या आणि सोडण्याच्या रीतीबद्दल आहे. आपल्या देशात ती शेड्यूल एच मध्ये येतात, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नसतात. प्रत्यक्षात मात्र 'एक पट्टी द्या' एवढ्या बोलण्यावर वर्षानुवर्षे ती घेतली जातात आणि मग पोट फुगणे, करपट ढेकर, पातळ शौच, छातीत जळजळ या तक्रारींची साखळी सुरू होते.

एका दिवसात गोळी बंद करणे

सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांना गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर पॅन्टोप्राझोल ४० सुरू झाले होते. गुडघ्याच्या गोळ्या महिन्याभरात थांबल्या, पॅन्टोप्राझोल मात्र थांबवायला कोणी सांगितले नाही आणि सरांनीही विचारले नाही. काही वर्षांनी मुलाने मोबाइलवर या गोळ्यांचे दुष्परिणाम वाचून ती एका दिवसात बंद करायला लावली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सरांच्या छातीत अशी आग पडली की रात्री बसून काढावी लागली. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, आराम पडला आणि त्यांचा निष्कर्ष ठरला : 'माझी ॲसिडिटी आता जन्माची आहे.' पुढे असे आणखी दोनदा घडले. गंमत म्हणून नव्हे, तर खरोखर विचार करण्यासारखी बाब अशी, की गुडघ्याच्या गोळ्या सुरू होण्यापूर्वी सरांना जळजळीचा त्रास कधीच नव्हता.

हे का घडते, ते समजून घेतले तर पुष्कळशी भीती जाते. जठरातील आम्ल दीर्घकाळ दाबले गेले की शरीर त्याची भरपाई करू पाहते. गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढते, त्याच्या प्रभावाने जठराच्या अस्तरातील हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी वाढतात आणि आम्ल तयार करण्याची एकूण ताकद पूर्वीपेक्षा जास्त होते. गोळी चालू असेपर्यंत ही ताकद झाकलेली राहते. गोळी अचानक थांबली की थोड्या दिवसांत पंप पुन्हा काम करू लागतात आणि वाढलेले आम्ल एकदम जाणवते. डेन्मार्कमध्ये झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात फार बोलका आहे. आम्लपित्ताचा कोणताही त्रास नसलेल्या १२० निरोगी व्यक्तींपैकी काहींना आठ आठवडे इसोमेप्राझोल ४० मिलिग्रॅम आणि नंतर चार आठवडे औषध नसलेली गोळी दिली गेली, तर उरलेल्यांना पूर्ण काळ औषध नसलेलीच गोळी दिली गेली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातील सुमारे ४४ टक्के लोकांना आम्लाचा त्रास झाला, दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. निरोगी माणसाला जर औषध थांबल्यावर जळजळ होऊ शकते, तर गोळी सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील जळजळीवरून आजार परतला असा निर्णय घेणे चुकीचे आहे.

सरांना मी त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवले. त्यांनी ४० वरून २० मिलिग्रॅमवर आणले, काही आठवड्यांनी दिवसाआड केले आणि मग थांबवले. मधल्या काळात जळजळ झाली तर जेवणानंतर अल्जिनेटचे (आम्ल वर येऊ न देणारे) पातळ औषध आणि गरज पडली तर रात्री फॅमोटिडिन (आम्ल कमी करणारे वेगळ्या गटातील औषध), एवढीच मुभा दिली. त्रास झाला, पण तो सोसण्याजोगा होता आणि दर आठवड्याला कमी होत गेला. काही लोकांना अचानक बंद करूनही फारसे होत नाही. तरी मी मात्र नेहमी हळूहळू कमी करण्याच्याच बाजूचा आहे, कारण घाईने सोडणारा माणूस घाबरून दुप्पट काळासाठी परत गोळीकडे वळतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

येथे एक जोडचूकही सांगितली पाहिजे. मात्रा कमी करायची म्हणून ४० ची गोळी सुरीने अर्धी करणारे पुष्कळ आहेत. या गोळ्यांवर आम्लापासून संरक्षण देणारे आवरण असते. गोळी तोडली किंवा चावली की औषध जठरातच नष्ट होते. बाजारात २० ची गोळी मिळते, ती मागावी.

ज्यांनी बंद करूच नये, त्यांनी बंद करणे

अल्सरमधून पूर्वी रक्तस्राव झालेला आहे, ॲन्जिओप्लास्टीनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी दोन्ही औषधे चालू आहेत, एंडोस्कोपीत अन्ननलिकेला तीव्र सूज किंवा बॅरेट्स इसोफेगस (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) आढळला आहे, अशा व्यक्तींसाठी ही गोळी संरक्षणाचे काम करते. त्यांनी नातेवाइकांच्या सल्ल्यावरून तिला हात लावू नये. मूत्रपिंड निकामी होते, स्मरणशक्ती जाते अशा मजकुराचे संदेश फिरत असतात आणि ते वाचून नेमके हेच रुग्ण घाबरतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सतरा हजारांहून अधिक हृदयरुग्णांना सुमारे तीन वर्षे पॅन्टोप्राझोल किंवा औषध नसलेली गोळी देऊन तुलना केली गेली, तेव्हा आतड्यांतील जंतुसंसर्ग वगळता इतर दुष्परिणामांत ठोस फरक दिसला नाही. औषधाची खरी गरज असलेल्या माणसाने एवढे लक्षात ठेवावे.

नाव न वाचता घेतलेली 'गॅसची कॅप्सूल'

ही माझ्या मते दुसरी मोठी चूक आहे आणि तिच्याबद्दल लोक जवळजवळ काहीच जाणत नाहीत. नावापुढे 'डी', 'डीएसआर' किंवा 'एल' अशी अक्षरे असलेल्या कॅप्सूलमध्ये आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड हे दुसरे औषध असते. ही दुसरी औषधे मळमळ आणि पोट जड राहणे यांवर थोड्या दिवसांसाठी उपयोगी आहेत. डोम्पेरिडोनमुळे हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्याने युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४ साली त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता, दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि साधारण एका आठवड्याच्या आत मर्यादित ठेवायला सांगितले. आपल्याकडे तेवढीच मात्रा असलेली कॅप्सूल लोक वर्षभर रोज घेतात. याशिवाय या औषधांनी प्रोलॅक्टिन हे स्तनांत दूध आणणारे संप्रेरक वाढते. मासिक पाळी अनियमित होते, स्तनांतून स्राव येतो आणि कारण मात्र दुसरीकडे शोधले जाते.

लेव्होसल्पिराइडचा एक प्रसंग मी विसरणार नाही. एका आजींना पोट फुगण्यासाठी अशी कॅप्सूल मिळाली होती आणि ती बरी वाटते म्हणून घरचे लोक तीच पट्टी दाखवून दर महिन्याला नेत होते. कधी आमच्याकडून, कधी दुसऱ्या दुकानातून. हळूहळू आजींचे हात थरथरू लागले, चाल मंदावली, चेहरा निर्विकार झाला. घरच्यांनी हे वयाचे मानले, मग कंपवाताची शंका घेऊन त्यांना मोठ्या शहरात नेले. तिथल्या मेंदुविकारतज्ज्ञांनी सगळी औषधे टेबलावर ओतायला सांगितली आणि ही कॅप्सूल बाजूला काढली. ती बंद केल्यानंतर काही महिन्यांत थरथर बरीच कमी झाली. वृद्धांमध्ये या औषधाने कंपवातासारखी लक्षणे येऊ शकतात, हे औषधशास्त्रात नोंदलेले आहे, पण पट्टीवरची बारीक अक्षरे कोण वाचतो? तेव्हापासून माझा नियम आहे, की अशी कॅप्सूल देताना पट्टीच्या मागे मार्करने 'सुरू' आणि 'बंद' अशा दोन तारखा लिहायच्या. 'बंद'ची तारीख चिठ्ठीवर नसेल तर ग्राहकाने ती डॉक्टरांना फोन करून विचारावी, असा माझा आग्रह असतो. काहींना हा उशीर आवडत नाही. तरी मी तारीख लिहितोच.

वेळ चुकवणे

ही गोळी न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास घ्यायची असते, कारण ती फक्त काम करत असलेले पंप बंद करते आणि अन्न आले की पंप कामाला लागतात. रात्री मिसळ किंवा भजी खाऊन झाल्यावर घेतलेली एक गोळी तत्काळ उतारा देत नाही. तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. त्या रात्रीसाठी अँटासिड पुरेसे असते.

पोट फुगले की गोळी वाढवणे

पोट फुगणे, वायू होणे, जुलाब हे या औषधांचेही परिणाम असू शकतात. आम्ल कमी झाले की अन्नावाटे येणारे जंतू मारण्याची जठराची ताकद घटते. अँटिबायोटिकनंतर या गोळ्या घेणाऱ्याला सतत पाण्यासारखे जुलाब होऊ लागले तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे. फुगण्यावर दुसरी गोळी, दुसरीमुळे झालेल्या बद्धकोष्ठतेवर रेचक, रेचकामुळे झालेल्या जुलाबावर तिसरी, अशी जी उतरंड रचली जाते तिच्या तळाशी मूळ तक्रार कोणती होती, हेच कोणाला आठवत नाही.

बी-१२ कडे दुर्लक्ष

अन्नातील प्रथिनांपासून बी-१२ जीवनसत्त्व सुटे होण्यासाठी आम्ल लागते. शाकाहारी आहार, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे ही गोळी असे तीन घटक एकत्र आले की पायांना मुंग्या, थकवा, जिभेची आग ही लक्षणे दिसू लागतात. वर सांगितलेल्या सरांच्या बाबतीत हेही निघाले. दोन वर्षांहून अधिक काळ गोळी चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावे. पायांत गोळे येत असतील किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर मॅग्नेशियमही.

आणखी काही छोट्या चुका : सोडा आणि फ्रूट सॉल्टच्या पुड्या रक्तदाबाच्या रुग्णांनी रोजच्या सवयीच्या करू नयेत, त्यात सोडियम भरपूर असते. थायरॉइडची आणि लोहाची गोळी अँटासिडबरोबर घेऊ नये. रात्रीच्या जळजळीसाठी उशांवर उशा रचल्याने मान आणि पोट दुमडते. त्याऐवजी पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली सहा ते आठ इंचांचे ठोकळे ठेवावेत, डाव्या कुशीवर झोपावे आणि रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे. मिश्री आणि तंबाखू सोडल्याशिवाय केवळ गोळीवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी दुसरे काय सांगणार?

छातीतील प्रत्येक कळ 'गॅस' समजणे

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, धाप यांपैकी काहीही असेल तर गोळी घेऊन वाट पाहू नये, १०८ ला फोन करावा. मधुमेही व्यक्तींमध्ये आणि स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका केवळ मळमळ आणि अस्वस्थतेच्या रूपातही येऊ शकतो. शौच डांबरासारखे काळे होणे, घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, रक्ताल्पता ही लक्षणे असतील, किंवा पन्नाशीनंतर त्रास पहिल्यांदाच सुरू झाला असेल, तर एंडोस्कोपी टाळण्यासाठी नवी पट्टी मागू नये.

गोळी चालू ठेवून एच. पायलोरीची तपासणी

अल्सरला बहुतांशी कारणीभूत असणाऱ्या या जंतूची श्वासाची किंवा शौचाची तपासणी गोळी चालू असताना केली तर जंतू असूनही अहवाल 'नाही' असा येऊ शकतो. त्यासाठी गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे आधी थांबलेले असावे लागते. तपासणीची वेळ घेतानाच हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, ती गोळी थांबवणे आपल्यासाठी सुरक्षित आहे का याची खात्री करावी आणि त्या दोन आठवड्यांत जळजळ झाली तर साध्या अँटासिडवर निभवावे.