कुत्र्यांसकट फॅमिली कार घ्यायचीय? आधी कुत्रा मोजा, मग ॲव्हरेज बघा

घरात कुत्रं आलं की कधी ना कधी गाडीचा विषय निघतोच, आणि निघाला की सल्ला ठरलेला, मोठी एसयूव्ही घ्या आणि ॲव्हरेज विसरा. मी पण हेच ऐकून एकदा फसलेय म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आमच्याकडे दोघं आहेत, बंड्या म्हणजे 31 किलोचा लॅब्राडोर, आणि चिंगी 14 किलोची, कुठल्या जातीची ते तिलाच माहीत. दोघांचं मिळून 45 किलो.

आता गंमत बघा. गाडीत साधारण 45 किलो वजन वाढलं की ॲव्हरेज जेमतेम 1 टक्का पडतं, छोट्या गाडीत थोडं जास्त. म्हणजे 20 देणारी गाडी 19.8 देणार, तुम्हाला कळणार पण नाही. पेट्रोल कुत्रा खात नाही हो. होतं असं की डिकी कुत्र्यांनी व्यापली की बॅगा कुठे टाकायच्या हा प्रश्न येतो, मग टपावर कॅरियर, कॅरियरवर ती भली मोठी पेटी, आणि खरा खड्डा तिथे पडतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे आहेत, टपावरच्या मोठ्या पेटीने शहरातल्या चालवण्यात 2 ते 8 टक्के, हायवेला 6 ते 17 टक्के, आणि ताशी 105 ते 120 किमीच्या स्पीडला 10 ते 25 टक्के ॲव्हरेज जातं. बाकी काही नाही, एक पेटी फक्त!

त्यामुळे आता माझा गाडी बघताना एकच प्रश्न असतो, माणसं, कुत्री आणि सामान हे तिन्ही टपाच्या खाली मावतंय का, आणि ते मावणारी त्यातल्या त्यात हलकी आणि बुटकी गाडी कुठली.

टेप घ्या आणि कुत्रा मोजा

शोरूमला जायच्या आधी हे घरी करायचं काम आहे. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी. उभा असताना जमिनीपासून डोक्यापर्यंत उंची, डोक्यापर्यंत म्हणतेय, कारण जातीच्या तक्त्यात लॅब्राडोर 55-57 सेंमी वगैरे जे लिहिलेलं असतं ते खांद्यापर्यंतचं असतं, डोकं त्याच्या बरंच वर जातं. आणि तिसरं माप, आडवा पसरून झोपल्यावर पाठीपासून पंजाच्या टोकापर्यंत. हे कोणी घेत नाही आणि नेमकं हेच लागतं, कारण तीन तासांच्या प्रवासात कुत्रा काही उभा राहत नाही, लोळतो. बंड्या टेप दिसली की चावायलाच यायचा, शेवटी दुपारी गाढ झोपलेला असताना फरशीवर खडूने त्याच्याभोवती रेघ मारली आणि उठून गेल्यावर मोजलं. पिल्लू असेल तर पिल्लाला मोजून उपयोग नाही, आईबापाचा आकार विचारा, मोठ्या जातींची वाढ दीड वर्षापर्यंत चालते.

गाडीत मग चार मापं घ्या. मागची सीट उभी असताना डिकीच्या तळाची लांबी, दोन चाकांच्या कमानींच्या मधली रुंदी (सगळ्यात अरुंद जागा तीच असते), डिकीचं दार लावल्यावर काच आत जिथे येते तिथली उंची, आणि डिकीचा उंबरा जमिनीपासून किती वर आहे ते. सेल्समन विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

ब्रोशरमधल्या लिटरच्या आकड्यावर मात्र भाळू नका. डिकी मोजायची एक प्रचलित पद्धत अशी आहे की 200 × 100 × 50 मिमीचे ठोकळे भरायचे, एक ठोकळा म्हणजे बरोब्बर 1 लिटर, आणि ते कोपऱ्याकापऱ्यात, कधी तळाखालच्या कप्प्यात पण बसवतात. कुत्रा कोपऱ्याकापऱ्यात बसत नाही. आमची आधीची गाडी 500 लिटरच्या वरची होती, आकडा बघून आम्ही खूश, पण मागची काच उतरती होती आणि स्टेपनीमुळे तळ उंच. दार लावलं की काच बंड्याच्या डोक्याला टेकायची, अख्खा रस्ता बिचारा मान वाकवून उभा आणि आरशात बघितलं की काचेवर नुसते ओल्या नाकाचे ठसे. आत्ताच्या गाडीचे लिटर कागदावर कमी आहेत पण मागची बाजू सरळ उभी आहे आणि तो पाय ताणून झोपतो.

गाडीचा आकार

तुमच्याकडे स्टेशन वॅगन (सेडानसारखी बुटकी, पण छत थेट डिकीच्या टोकापर्यंत गेलेली) मिळत असेल तर माझ्या मते दुसरीकडे बघायची गरजच नाही. बुटकी असल्यामुळे हवा कमी कापावी लागते, उंबरा खाली, तळ लांब आणि सपाट. नसेल मिळत तर एमपीव्ही, म्हणजे तीन रांगांची फॅमिली गाडी, किंवा चौकोनी ठेवणीची हॅचबॅक. एमपीव्हीत तिसरी रांग कशी दुमडते ते स्वतः दुमडून बघा, काहींमध्ये ती तळात पूर्ण गायब होते आणि काहींमध्ये दुमडून उभीच राहते, म्हणजे जागा गेलीच. फायदा असा की तिसऱ्या रांगेसाठी एसीचे झरोके मागे दिलेले असतील तर ते आयते कुत्र्यांच्या तोंडावर येतात, साध्या गाडीत डिकीपर्यंत गार हवा पोचायला बराच वेळ लागतो.

सेडानची डिकी बंद पेटी असते, तिथे कुत्रा ठेवायचाच नाही, विषय संपला. सेडान घेतली तर कुत्रा मागच्या सीटवर, म्हणजे दोन मुलांच्या कारसीट असतील तर मधे जी फट उरते तिथे चिंगी बसेल, बंड्या नाही.

एसयूव्हीबद्दल माझं जरा वाकडंच मत आहे. बाहेरून अवाढव्य, पण त्यातली बरीच उंची चाकाखाली गेलेली असते, आत आलेली नसते. उंबरा उंच, म्हणजे म्हाताऱ्या कुत्र्याला किंवा डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याला उडी मारायला लावणं आलं, आणि अशा कुत्र्यांच्या मणक्याला उड्या चांगल्या नाहीत. मग रॅम्प घ्या, तो ठेवायला परत जागा. वर वजन जास्त आणि हवेला तोंड देणारा पुढचा भाग मोठा. हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, 90 वरून 120 ला गेलात की तो जवळजवळ पावणेदोन पट होतो, तेव्हा उंच चौकोनी गाडीचं पितळ हायवेला उघडं पडतं. तुमच्याकडे खरंच खराब रस्ते असतील तर गोष्ट वेगळी. आणि ती मागे छत उतरवलेली कूपे टाइपची एसयूव्ही तर कुत्रेवाल्यांनी बघूच नये.

अजून एक, गाडीची पूर्ण वजन पेलायची मर्यादा कागदपत्रांत दिलेली असते, त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा, उरेल तेवढंच वजन आत भरता येतं. चार मोठी माणसं, दोन कुत्री, पिंजरा, बॅगा अशी बेरीज केली की छोट्या गाडीत आपण मर्यादेला भिडतो, हे लोकांना माहीतच नसतं.

ॲव्हरेजचा हिशोब

कंपनीचं ॲव्हरेज लॅबमध्ये रोलरवर काढलेलं असतं. युरोपात 2017 पासून जी डब्ल्यूएलटीपी टेस्ट आली ती जेमतेम अर्धा तास आणि 23 किमीची, आणि त्यात एसी बंद असतो. कुत्रा मागे असताना एसी बंद ठेवून कोण जातंय? तेव्हा तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरा, घरचं बजेट करायला नको. बजेटसाठी तीच गाडी वापरणाऱ्या दोघातिघांना विचारा, आणि टाकी फुल ते टाकी फुल मोजलेलं असेल तरच विश्वास ठेवा, मीटरवर दिसणारा आकडा बऱ्याचदा जरा गोड असतो.

आणि किलोमीटर पर लिटर हा आकडा फसवतो. दोन गाड्यांचं घर असेल तर हे नीट बघा, 10 देणारी गाडी बदलून 12 ची घेतली तर 1000 किमीला साधारण 17 लिटर वाचतात. 20 ची बदलून 25 ची घेतली तर 10 च लिटर. वाढ 5 ची असून बचत कमी! म्हणजे जी जास्त पिते ती आधी बदला, आणि दोन आकड्यांची तुलना करताना नेहमी 1000 किमीला किती लिटर हे काढा, डोळे उघडतात.

इंजिनचं तुमच्या रोजच्या फेऱ्यांवर ठरवा. बहुतेक कुत्रेवाल्यांच्या फेऱ्या म्हणजे मैदान, डॉक्टर, मुलांची शाळा, सगळं चार-पाच किमीच्या आत. अशा वापराला डिझेल घेऊ नका, नव्या डिझेल गाड्यांमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम चालावं लागतं, छोट्या फेऱ्यांमध्ये तो तुंबतो. हायब्रिड, म्हणजे इंजिन आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी गाडी, शहरात भारी, कारण ब्रेक मारताना जी ताकद वाया जाते ती बॅटरीत परत जाते, सलग हायवेला मात्र तेवढा फरक राहत नाही. तंत्र नवीन नाही, टोयोटाने प्रियस 1997 ला आणली.

पण हायब्रिड बघताना एक गोष्ट आवर्जून तपासा. बऱ्याच हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटखाली किंवा सीटमागे असते आणि तिला गार ठेवायला हवा गाडीच्या आतूनच ओढली जाते, सीटच्या बाजूला एक छोटी जाळी असते बघा, कोणाचं लक्षही जात नाही तिकडे. कुत्र्याचे केस त्या जाळीत जाऊन गोधडी तयार होते. हवा अडली की बॅटरी तापते, आणि बॅटरी तापली की खर्चाला अंत नाही. आम्ही दर महिन्याला व्हॅक्युम फिरवतो तिथे आणि प्रत्येक वेळी मुठीएवढा गोळा निघतो. सीटवर कव्हर घालताना ती जाळी झाकली जाणार नाही हे पण बघा. सीएनजीवाली असेल तर सिलिंडर डिकीत किती आत येतो ते मोजा. इलेक्ट्रिकमध्ये तळ सपाट मिळतो आणि गाडी उभी असताना इंजिन न चालवता एसी चालतो, टेस्लाने 2019 मध्ये खास डॉग मोड आणला त्यात आतलं तापमान मोठ्या अक्षरात स्क्रीनवर दिसतं. पेट्रोल गाडी एसीसाठी उभ्या उभ्या चालू ठेवली तर तासाला 1 ते 2 लिटर जातात.

बंद गाडीत कुत्रा सोडून जायचंच नाही हे वेगळं सांगायला नको, पण आकडा सांगते. बाहेर 21 डिग्री, म्हणजे छान हवा असताना, आत 10 मिनिटांत 32 आणि अर्ध्या तासात 40 होतं. काच बोटभर खाली ठेवून जवळपास काही फरक पडत नाही.

बांधायची सोय

ताशी 50 ला गाडी आपटली तर मोकळा कुत्रा पुढे फेकला जातो तो जवळजवळ 10 मीटर उंचावरून पडल्यासारखा, म्हणजे तिसरा मजला समजा, आणि मधे तुमच्या मुलाचं डोकं असतं. म्हणून डिकीच्या तळाला धातूच्या कड्या आहेत का, सीट आणि डिकीच्या मधे जाळी बसवता येते का, मागच्या सीटच्या बेल्टला हार्नेस (कुत्र्याच्या छातीभोवतीचा पट्टा) अडकतो का हे बघा. प्लास्टिकचे हूक पिशवीसाठी असतात, कुत्र्यासाठी नाहीत. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर कुत्रा नको.

सीट 60:40 दुमडणारी हवीच, 40:20:40 मिळाली तर सोनं, मधली पट्टी पाडून लांब सामान जातं आणि कुत्रा जागचा हलत नाही. आतलं कापड शक्यतो गुळगुळीत, मखमली कापडात केस विणल्यासारखे बसतात, निघत नाहीत. काचांच्या बटणांना लॉक हवाच. आमच्या बंड्याने एकदा आम्ही खाली उतरल्यावर पुढे येऊन दारातल्या बटणावर पाय दिला आणि गाडी लॉक, चावी आत, इंजिन चालू, आणि साहेब ड्रायव्हरच्या सीटवर शेपूट हलवत. तेव्हापासून दुसरी चावी माझ्या खिशात असते. पॅनोरॅमिक सनरूफ मला तरी नको, वरून ऊन आणि आतली उंची पण कमी होते.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह, आणि ती कुत्र्याला घेऊनच. आधी फोन करून विचारा, डिकीत घालायला घरची जुनी चादर न्या, बरेचदा हो म्हणतात. उडी मारताना पुढचे पाय बंपरवर ठेवून थांबतो का, मागे वळून तुमच्याकडे बघतो का, हे बघा, थांबला म्हणजे उंबरा त्याला जास्त आहे. मग दार लावा, घरच्या एकाला मागे त्याच्याजवळ बसवा आणि वीस मिनिटं खड्डे, वळणं, थोडा हायवे असं फिरवा. मागच्या चाकांच्या पलीकडे बसलेल्याला धक्के जास्त बसतात, ड्रायव्हरला ते कळत नाहीत. तोंडातून लाळ गळायला लागली, सारखा ओठ चाटत असला तर त्याला मळमळतंय, त्याला मागच्या सीटवर बसवून तीच गाडी परत एकदा फिरवा. आमचा बंड्या तिसऱ्या गाडीत दहाव्या मिनिटाला आडवा होऊन घोरायला लागला, चिंगी त्याच्या पोटाला टेकून बसली, आणि दोघांच्या बाजूला दोन बॅगांची जागा मोकळी होती. तीच घेतली.