साइडकारच्या बुलेटला मोठा हॉर्न बसवताय? या चुका टाळा

सावदा-रावेरकडून केळीचे ट्रक भरून निघाले की त्यांच्या मागून साइडकारची बुलेट पुढे काढणं सोपं नसतं. गाडी रुंद, वळायला जड, आणि कंपनीच्या एकट्या चकती हॉर्नचा आवाज ट्रकच्या केबिनपर्यंत जात नाही. कन्नड घाटात पावसाळी धुकं उतरलं की तुम्ही दिसायच्या आधी ऐकू यायला हवं. त्यामुळे हॉर्न बदलायचा विचार रास्तच आहे. मात्र नवा हॉर्न लावूनही ‘भाऊ, आवाज बसी गया’ अशी तक्रार घेऊन लोक गॅरेजवर येतात, तेव्हा हॉर्न बहुतेक वेळा चांगलाच असतो. त्याच्यापर्यंत पुरेसं व्होल्टेज पोहोचत नसतं.

जुन्याच वायरीवर नवी जोडी

सगळ्यात जास्त होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कंपनीचा चकती हॉर्न 2 ते 4 अँपिअर घेतो. शंख हॉर्नची (शंखासारख्या नळीच्या हॉर्नची) जोडी 8 ते 10 अँपिअर ओढते. जुन्या जोडणीत करंट बॅटरीतून चावीच्या स्विचला, तिथून हँडलच्या बटणाला आणि मग हॉर्नला असा लांबून फिरून येतो. या सगळ्या वाटेचा रोध फक्त 0.2 ओहम धरला तरी 10 अँपिअरला 2 व्होल्ट वाटेतच जातात. बॅटरीवर 12.4 दिसतात, हॉर्नवर मिळतात 10.4. आवाज घोगरा होतो, बटणाचे पॉइंट जळतात आणि काही महिन्यांनी बटण दाबूनही काही वाजत नाही.

खात्री करायची तर मल्टिमीटरच्या पिना थेट हॉर्नच्या दोन टोकांना लावा आणि बटण दाबा. वाजत असताना आकडा 11 च्या खाली आला तर हॉर्न बदलून उपयोग नाही, रिले लावा, म्हणजे बटणाच्या थोड्या करंटवर चालून हॉर्नला थेट बॅटरीतून करंट देणारा स्विच.

रिले लावला, पण उलटासुलटा

चार पिनांचा 30 किंवा 40 अँपिअरचा साधा रिले पुरतो. 30 नंबरची पिन फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला, 87 हॉर्नला, आणि 85-86 ही कॉइल. गोंधळ कॉइलच्या जोडणीत होतो. काही गाड्यांत बटण प्लस देतं. काहींत हॉर्नला प्लस कायम असतो आणि बटण अर्थ (मायनसची जोडणी) देतं. अशा गाडीची कायम प्लस असलेली वायर 86 ला जोडून 85 फ्रेमला अर्थ केली, की चावी फिरवताच हॉर्न सुरू होतो आणि थांबत नाही.

हे टाळायचा सरळ उपाय म्हणजे जुन्या हॉर्नच्या दोन्ही वायरी काढून एक 85 ला आणि दुसरी 86 ला लावायची. मग बटण प्लस देवो की अर्थ, कॉइल बरोबरच चालते. कॉइलला 0.15 अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणजे बटणावर भारच उरत नाही. एकच काळजी घ्या. रिलेवर छापलेल्या आकृतीत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) दिसला तर कुठली वायर प्लस आहे ते आधी मीटरवर बघा आणि तीच 86 ला लावा. उलटी लागली तर बटण दाबताच गाडीचा फ्यूज उडतो.

कंपनीच्या वायरी कापू नका. 6.3 मिमीचे लग (वायरीच्या टोकाला बसवायच्या धातूच्या पिना) दाबून जोडणी करा, म्हणजे उद्या जुना हॉर्न परत लावता येतो. काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी सोडा आणि सगळं झाल्यावर शेवटी लावा.

फ्यूज आणि वायर

शंख जोडीला दीड स्क्वेअर मिमीची तांब्याची वायर आणि 15 अँपिअरचा फ्यूज. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. तो पुढे हॉर्नजवळ लावला तर मधली वायर कुठे घासून फ्रेमला टेकल्यावर तिला वाचवायला कोणी नसतं. फ्यूज उडतो म्हणून 30 चा टाकणं ही तर आग लावायची तयारीच. तो का उडतोय ते शोधा.

कॉम्प्रेसरचा हॉर्न 15 ते 20 अँपिअर घेतो. त्याला अडीच स्क्वेअरची वायर आणि 25 चा फ्यूज लागतो. शिवाय दाब तयार होईपर्यंत आवाज क्षणभर उशिरा येतो. घाटातल्या वळणावर तो क्षणच महत्त्वाचा असतो, म्हणून आमची पसंती शंख जोडीलाच.

जोडी घेताना एकावर एच (उंच सूर) आणि दुसऱ्यावर एल (खालचा सूर) असल्याचं दुकानातच बघून घ्या. सुटे घेतले की दोन्ही एकाच सुराचे हातात पडतात. मग जोडीचा भरदार आवाज येत नाही.

साइडकारची अर्थिंग

तीन चाकांमुळे चुकांत भर पडते ती इथे. जागा आहे म्हणून हॉर्न साइडकारच्या नाकावर बसवतात आणि अर्थ साइडकारच्याच चासीवर घेतात. ती चासी बुलेटच्या फ्रेमला बोल्टांनी जोडलेली असते. मधे रंग, गंज, कधी रबरी बुश. कोरड्या दिवशी वाजतं, पहिल्या पावसानंतर आवाज तुटक होतो. हॉर्नची अर्थ वेगळ्या काळ्या वायरीने थेट बॅटरीच्या मायनसला न्या. बुलेट आणि साइडकारच्या मधल्या भागात वायर थोडी सैल ठेवून स्लीव्ह चढवा, कारण खड्ड्यात दोन्ही चासी थोड्या वेगवेगळ्या हलतात आणि ताणलेली वायर लगपाशी तुटते.

दुसरं म्हणजे आपल्याकडे साइडकार डावीकडे असते आणि तिच्यातला माणूस खाली बसलेला असतो. हॉर्न त्याच्या कानाजवळ नको. उजव्या बाजूला क्रॅश गार्डच्या आत, तोंड पुढे आणि किंचित खाली अशी जागा उत्तम. तोंड वर राहिलं तर पाणी आणि काळ्या मातीचा चिखल आत साचतो.

हॉर्नसोबत आलेली स्प्रिंगची पत्ती फेकून जाड लोखंडी पट्टी लावू नका. हॉर्नला थोडं थरथरू द्यावं लागतं, घट्ट आवळला तर आवाज दबतो. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पुढचा शॉकअप दाबून बघा. कुठेही टेकता कामा नये.

भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात काळी टेप चिकट होऊन सुटते. जोडांवर गरम करून आवळणारी स्लीव्ह वापरा. रिले सिलिंडरजवळ न लावता सीटखाली, पिना खाली करून लावा.

तरीही वाजत नसेल तर

बटण दाबल्यावर रिलेची टिकटिक येते पण आवाज नाही, तर फ्यूज, 87 ची वायर आणि अर्थ तपासा. टिकटिकच नसेल तर बटण किंवा कॉइलच्या वायरी बघा. इंजिन चालू असतानाच नीट वाजत असेल तर बॅटरी थकलीय. इंजिन बंद असताना 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. चालू गाडीत साधारण 13.5 ते 14.5 दिसायला हवेत. जुना चकती हॉर्न चिरकत असेल तर मागचा स्क्रू एका वेळी पाव फेराच फिरवा.

हॉर्न रस्त्यातच अडकून वाजत राहिला तर रिले उपसून काढा. त्यासाठी तो हात पोहोचेल असाच ठेवा.

दुकानात सुरावटीचे आणि कर्कश हॉर्नही मिळतात. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 119 व्या नियमाने त्यांना मनाई आहे. विनाकारण किंवा शांतता क्षेत्रात हॉर्न वाजवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194एफ प्रमाणे पहिल्यांदा 1,000 आणि पुढे प्रत्येक वेळी 2,000 रुपये दंड होतो. साइडकारची नोंद आरसीवर नसेल तर ती आधी करून घ्या.