नोकरी सांभाळून पब्लिक पॉलिसी शिकायचंय? आधी तास मोजा, मग नाव बघा

पब्लिक पॉलिसीत, म्हणजे सार्वजनिक धोरणाच्या विषयात, मास्टर्स करायचं ठरलं की बहुतेक जण संस्थांची यादी काढतात आणि नावाच्या दबदब्यावरून क्रम लावतात. नोकरी सोडून शिकणाऱ्याला ते चालतं. नोकरी टिकवून शिकणाऱ्याने आधी तीन गोष्टी विचाराव्यात: कोर्स आठवड्याला किती तास मागतो, कोणत्या वेळी मागतो, आणि शेवटी हातात पदवी पडते की प्रमाणपत्र.

एवढं विचारलं की बरीच मोठी नावं यादीतून आपोआप गळतात. आयआयटी मुंबईचा मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी किंवा बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा एमपीपी हे दोन वर्षांचे पूर्णवेळ कोर्स आहेत. असे कोर्स उत्तम असले तरी दिवसा वर्ग, हजेरी आणि इंटर्नशिप हे सगळं नोकरीसोबत जमवता येत नाही. ‘साहेबांशी बोलून काहीतरी करू’ या भरवशावर प्रवेश घेऊ नका.

तासांचा हिशोब कागदावर करा. इग्नू या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे अभ्यासाचे 30 तास. 80 क्रेडिटची पदवी धरली तर 2400 तास होतात. दोन वर्षांत, म्हणजे 104 आठवड्यांत संपवायचे तर आठवड्याला साधारण 23 तास हवेत. सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून तेरा. नोकरी, प्रवास आणि घर सांभाळून हे फार थोड्यांना जमतं. तीच पदवी चार वर्षांत केली तर आठवड्याला बारा तासांच्या आत काम भागतं. म्हणून माहितीपत्रकात किमान कालावधीपेक्षा कमाल कालावधी आधी शोधा. नोकरदारासाठी तोच आकडा खरा.

मग प्रश्न पदवीचा. बंगळुरूच्या तक्षशिला इन्स्टिट्यूशनचा पब्लिक पॉलिसीतला पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्रॅम नोकरदारांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेला आहे. तो मुख्यतः ऑनलाइन आहे आणि जोडीला प्रत्यक्ष कार्यशाळा असतात. पण ती यूजीसीची पदवी नाही. थिंक टँक (धोरणांवर संशोधन करणारी संस्था), सल्लागार कंपनी किंवा कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) विभागात जायचं असेल तर तिथे तुम्ही लिहिलेला धोरण-टिपणाचा नमुना पदवीपेक्षा जास्त बोलतो, आणि असा कोर्स पुरतो. नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) द्यायची, पीएचडी करायची किंवा सरकारी बढतीत शिक्षण दाखवायचं असेल तर मात्र मान्यताप्राप्त पदवीच हवी. नेटसाठी मास्टर्सला खुल्या गटात 55 टक्के लागतात, हेही तेव्हाच लक्षात ठेवा.

दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी घेताना यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची यादी स्वतः उघडून बघा. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबू नका. नेमका तो अभ्यासक्रम आणि नेमकं ते सत्र मान्य आहे का, हे तपासा. फसगत होते ती इथेच. विद्यापीठ खरं असतं, पण त्या कोर्सला त्या सत्रासाठी मान्यता नसते.

आणखी एक गल्लत. लोकप्रशासन आणि पब्लिक पॉलिसी शेजारशेजारचे विषय आहेत, एकच नाहीत. इग्नूच्या एमए लोकप्रशासनात संघटना, कर्मचारी व्यवस्थापन आणि प्रशासनाचे सिद्धांत यांना मोठी जागा आहे. पॉलिसीच्या कोर्समध्ये सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, सार्वजनिक वित्त आणि योजनांचं मूल्यमापन यांवर भर असतो. अभ्यासक्रमात संख्याशास्त्राचा एकही पेपर नसेल तर नाव काहीही असो, धोरणाचं विश्लेषण तिथे शिकायला मिळणार नाही.

परदेशी कोर्सचं आकर्षण असेल तर घड्याळ बघा. लंडनमधला संध्याकाळी सहाचा वर्ग आपल्याकडे हिवाळ्यात रात्री साडेअकराला आणि उन्हाळ्यात साडेदहाला सुरू होतो. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या एक्झिक्युटिव्ह एमपीपीसारख्या मॉड्यूलर, म्हणजे तुकड्या-तुकड्यांत चालणाऱ्या, कोर्सना काही दिवस सलग तिथे जावं लागतं. तेव्हा फीसोबत विमानभाडं, राहणं आणि रजा हेही धरा. ही पदवी भारतात कुठे दाखवायची असेल तर ती भारतीय पदवीच्या बरोबरीची धरली जाईल का, याचं उत्तर फी भरण्याआधी लेखी मिळवा.

सरकारी नोकरीत असाल तर दूरस्थ कोर्ससाठीही कार्यालयाची पूर्वपरवानगी घ्या. नंतर सेवापुस्तकात नोंद करताना तीच विचारतात. पूर्णवेळ शिकायची इच्छा असेल तर अध्ययन रजेचा मार्ग आहे. केंद्रीय कर्मचाऱ्याला साधारण पाच वर्षांच्या सेवेनंतर, एका वेळी सहसा 12 आणि संपूर्ण सेवेत 24 महिन्यांपर्यंत ती मिळू शकते. त्यासाठी बंधपत्र लिहून द्यावं लागतं. राज्य कर्मचाऱ्यांसाठी 1981 चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम पाहावेत.

अभ्यास सहसा अडतो तो कॅलेंडरमुळे. बँक, लेखा किंवा सरकारी कार्यालयात मार्च म्हणजे श्वास घ्यायलाही फुरसत नसते, आणि इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये येतात. जूनच्या परीक्षेच्या असाइनमेंट मार्चसाठी ठेवल्या की त्या राहतातच. परीक्षा दिली तरी असाइनमेंटशिवाय विषय पूर्ण होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीतच त्या लिहून टाका.

फी भरण्याआधी चार आठवडे स्वतःची चाचणी घ्या. कॅगचा (सरकारी खर्चाचं ऑडिट करणारी यंत्रणा) महाराष्ट्रातल्या एखाद्या योजनेवरचा अहवाल आणि पीआरएस या कायदेविषयक संशोधन संस्थेचा एखाद्या विधेयकावरचा सारांश वाचा, आणि दोन पानांचं टिपण लिहा: अडचण काय, पर्याय कोणते, खर्च कुणावर पडतो. अर्थशास्त्राची पार्श्वभूमी नसेल तर एनसीईआरटीची अकरावीची संख्याशास्त्राची आणि बारावीची सूक्ष्म अर्थशास्त्राची पुस्तकं याच काळात वाचून काढा. इंजिनिअरांना आकडे सोपे जातात, लिहिणं जड जातं. कलाशाखेच्या मुलांचं बहुधा उलट. चार आठवड्यांत ठरवलेले तास निघाले नाहीत, तर आधी तीन-चार महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स घ्या.

आणि नोकरी करत तो कोर्स करणाऱ्या एखाद्या सध्याच्या विद्यार्थ्याशी बोला. शिक्षक कसे आहेत हे विचारालच. त्यासोबत विचारा की वर्ग चुकला तर रेकॉर्डिंग मिळतं का, गटात करायचं काम किती, एक सत्र सोडून पुन्हा नोंदणी करता येते का आणि त्याची फी किती, आणि ऑफिसची माहिती प्रकल्पात वापरायला परवानगी कशी घेतली.