डोंगळे फुलात आलेत, आता पंप खाली ठेवा

कांद्याचं बी करणाऱ्यांनी हे आजच वाचा, उद्यावर टाकू नका. जालना-बुलढाण्याकडं डोंगळ्याचे, म्हणजे कांद्याच्या फुलदांड्याचे, गोंडे उमलायला लागलेत, आणि सकाळी जरा धुकं पडलं, ढग आले की लगेच दुकानात जायचं, करप्याचं (बुरशीच्या रोगाचं) एक, थ्रिप्सचं (फुलकिड्यांचं) एक, वरून टॉनिक एक असं सगळं एकाच टाकीत कालवून मारायचं, ही जी सवय लागलीय ना ती आत्ताच्या आत्ता थांबवा. निदान पुढचे तीन-चार आठवडे तरी.

मी हे किती रानांत बघितलंय. दांडे कंबरेएवढे, गोंडे मुठीएवढे, बघणारा म्हणतो काय पीक आणलंय, आणि एप्रिलमध्ये गोंडा तळहातावर चोळला की फुंकरीनं सगळं उडून जातं, नुसतं फोलपट. मग बेणं खराब होतं, हवामान खराब होतं, खत कमी पडलं. फुलात काय मारलं होतं विचारलं तर "दुकानदारानं दिलं ते". मधमाशी दिसत होती का रानात? यावर कुणाकडंच उत्तर नसतं कारण कुणी बघितलेलंच नसतं.

आता हे नीट समजून घ्या. कांद्याच्या फुलात आधी पराग बाहेर पडतो आणि त्याच फुलाचा मादी भाग त्यानंतर एक-दोन दिवसांनी तयार होतो, म्हणजे फुलाचा स्वतःचा पराग त्याच्या स्वतःच्या कामाला येत नाही, दुसऱ्या फुलावरून कुणीतरी आणून द्यावा लागतो. हा पराग चिकट असतो, वाऱ्यानं फारसा जात नाही. आणणारी माशीच. एका फुलात सहा बिया भरायची जागा आहे पण माशी फिरकलीच नाही तर सहाच्या सहा जागा रिकाम्या. एकरी तीन-चार क्विंटल बी निघतं ते या माशीच्या जीवावर, खताच्या गोणीच्या नाही.

त्यात अजून एक अडचण. कांद्याच्या फुलातल्या मधुरसात पोटॅशियम जास्त, त्यामुळं माशीला तो तेवढा आवडत नाही. शेजारी मोहरी नाहीतर सूर्यफूल ऐन फुलात असलं की ती तिकडं पळते. म्हणून आपल्याला थोड्या माश्या पुरत नाहीत, भरपूर लागतात. आणि थंडी-ढगात ती बाहेर पडत नाही, म्हणजे कामाचे उन्हाचे दिवस आधीच मोजके, त्यातला एक दिवस फवारणीनं घालवला तर पुढचे चार पण गेले समजा, कारण फिप्रोनीलसारख्या औषधाचा अंश फुलावर राहतो आणि दुसऱ्या दिवशी आलेली माशी पण मरते.

पेटीतली माशी झाकून ठेवता येते. आग्या मोहोळ, सातेरी, फुलोरी या रानातल्या मधमाश्यांना कोण झाकणार? आणि खरं काम बरंचसं त्याच करतात. आग्या वडा-पिंपळाच्या उंच फांदीला बसतो, ते झाड आपण तोडलं. बांधावर तणनाशक मारून रानफुलं जाळली. माशी आपल्याकडं महिनाभर कामाला येते, बाकी अकरा महिने तिनं खायचं काय? शेवगा, करंज, बोर, बाभूळ, कडुनिंब यातलं बांधावर काहीतरी राहू द्या. आणि मधासाठी पोळं जाळू नका, हात जोडून सांगतो.

औषधाचं बोलू. थ्रिप्ससाठी फिप्रोनील ५ एससी १ मिली किंवा प्रोफेनोफॉस ५० ईसी १ मिली, करप्याला मॅन्कोझेब २.५ ग्रॅम, प्रत्येकी एक लिटर पाण्याला, पण हे पहिलं फूल उमलायच्या आधी. एकदा फूल दिसलं की कीटकनाशक बंद. अगदीच राहवलं नाही तर ५ टक्के निंबोळी अर्क, तो पण दिवस मावळल्यावर. करपा वाढतच असेल तर फक्त बुरशीनाशक, एकटंच, संध्याकाळी, कीटकनाशक त्यात मिसळू नका. फुलात थोडे थ्रिप्स दिसले तर दिसू द्या, ढालकिडा आणि क्रायसोपा हे मित्रकिडे त्यांना खात असतात, आपण फवारलं की आधी तेच मरतात.

"माशी आकर्षित करणारं" म्हणून जी महागडी बाटली देतात ती घेऊ नका. गुळाचं पाणी फवारतात त्यावर पण माझा विश्वास नाही, माशी पानावरचा गूळ चाटत बसते, फुलात शिरत नाही असं मला बघून बघून वाटतं. थ्रिप्ससाठी लावलेले निळे चिकट सापळे मी फुलात काढून घेतो, माश्या पण चिकटतात. माश्यांना प्यायला रानाच्या कडेला उथळ घमेल्यात पाणी आणि त्यात खडे ठेवा, हे मात्र नक्की करा.

पेट्या आणणार असाल तर एकरी दोन-तीन, साधारण १० टक्के फूल उमलल्यावर. आधी आणल्या तर माशीला दुसऱ्याच फुलांची सवय लागते. माहितीसाठी खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेकडं विचारा.

बाकी नेहमीचं:
- फुलात पाण्याचा ताण नको, तुषार चालवू नका
- भेसळीचे (दुसऱ्या जातीचे) दांडे उपटून टाका
- दुसऱ्या जातीपासून अंतर: प्रमाणित बियाण्याला ५०० मीटर, पायाभूतला (ज्यापासून पुढं प्रमाणित बियाणं करतात त्याला) १००० मीटर
- दांडे पडू नयेत म्हणून मातीची भर
- गोंड्यात काळं बी डोकवायला लागलं की सकाळी काढणी, दोन-तीन टप्प्यांत

आणि उद्या सकाळी दहा-अकराला एका सरीत दहा मिनिटं शांत उभे रहा, किती गोंड्यांवर माशी बसते ते मोजा. अगदीच कमी दिसली तर आधी शेजारच्या रानात जा, त्यानं हरभऱ्यावर की टरबुजावर काय मारलंय ते विचारा, आणि त्याला पण सांगा की मारायचंच असेल तर अंधार पडल्यावर मार, माशी तीच आहे, बांध तिला कळत नाही.