फॉलमधली टर्की: आधी कळप उधळा, मग गप बसा

अमेरिकेत स्प्रिंगमधे, म्हणजे वसंतात, टर्की या मोठ्या जंगली पक्ष्याची शिकार केलेली मंडळी फॉलमधे, म्हणजे पानगळीत, पण तसंच झाडाखाली बसून मादीचा आवाज काढत राहतात आणि नर काही येत नाही. कसा येईल, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे त्याला माद्यांशी घेणंदेणंच नसतं, पोट भरायचं आणि आपल्या टोळीत राहायचं एवढंच. माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं एकत्र हिंडतात, मोठे नर वेगळे.

म्हणून आधी कळप शोधा. पेन्सिल्वेनिया, न्यूयॉर्ककडे ओक आणि बीचच्या झाडांखाली बघायचं, पाचोळा उकरून माती उघडी पडलेली दिसते, ती अजून ओलसर असेल तर पक्षी आत्ताच गेलेत. लांबट, टोकाला वाकलेली विष्ठा नराची, वेटोळं असेल तर मादीची. ओकला फळ कमी धरलं असेल तर जंगलात वणवण नको, मका कापलेल्या शेताच्या कडेला जा.

आता खरी गंमत. कळप दिसला की बंदूक रिकामी करून खाली ठेवायची आणि ओरडत सरळ त्यांच्या अंगावर धावायचं, लोकं हसतील हसू दे. पक्षी चारी दिशांना उडाले पाहिजेत, सगळे एकाच बाजूला गेले तर काही उपयोग नाही कारण ते तिकडेच एकत्र राहणार. नीट पांगले तर जिथून उधळले तिथेच मोठ्या झाडाला पाठ टेकून बसा, १५-२० मिनिटं अगदी गप, आणि मग पिल्लाची बारीक शिट्टी काढा, की-की-की, डायफ्राम कॉलवर (तोंडात धरायची पातळ पडद्याची शिट्टी) छान निघते. समोरून जे उत्तर येईल तसंच्या तसं परत द्यायचं. संध्याकाळी उधळले असतील तर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिथेच हजर. मोठ्या नरांना मात्र एकत्र यायची घाई नसते, दोन-चार जाडसर, संथ आवाज काढायचे आणि अख्खी सकाळ द्यायची तयारी ठेवायची, माझ्या मते नवीन माणसाने त्यांच्या नादी लागूच नये.

या दोन्ही राज्यांत फॉलमधे कळप उधळायला कुत्रा चालतो, बाकी ठिकाणी नियम वेगळे. मादी मारायची परवानगी पण राज्याप्रमाणे बदलते, दर वर्षीचं नियमपुस्तक वाचाच.

१२ गेजची शॉटगन, ४ ते ६ नंबरचे छर्रे, ३५-४० यार्डांच्या आत, नेम डोकं आणि मानेवर. मागे दुसरा पक्षी नाही ना बघा, नाहीतर एका गोळीत दोन पडतील आणि टॅग, म्हणजे एका पक्ष्याच्या परवानगीची चिठ्ठी, एकच. लाल, पांढरं, निळं काही घालू नका, नराच्या डोक्याचे रंग तेच. आणि आवाज ऐकून दबकत त्याच्याकडे जायचं नाही, तिकडे तुमच्यासारखाच कोणीतरी कॉल वाजवत बसलेला असू शकतो.

आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद, त्यामुळे इथे अमेरिकेत येऊन पहिल्यांदा बंदूक धरणारे बरेच. एच-वन-बी व्हिसावर असाल तर हंटिंग लायसन्स हातात येईपर्यंत बंदुकीला हात लावू नका, फेडरल कायद्यात अशा व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला बंदी आहे, सूट आहे ती लायसन्स असलेल्यालाच.

पक्षी पडला की जागेवरच टॅग लावा. छातीचं मांस पटकन शिजतं, तंगड्या मात्र चिवट, त्या कुकरला लावून रस्सा करा.